व्हॅलेटा पाहायचे तर आधी समोरच्या काठावर जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरात माल्टाला जातो आहोत, राजधानी व्हॅलेटात तीन दिवस मुक्काम. सोबत सत्तरी ओलांडलेली आई, तिला गुडघ्यांचा त्रास. आणि आठवीतली मुलगी, तिला किल्ल्यांचे वेड. ऐतिहासिक ठिकाणांच्या याद्या वाचून डोके भणाणले आहे. त्यातले नेमके काय पाहावे, कोणत्या क्रमाने, आणि काय सोडले तरी चालेल?

क्रम विचारलात हे उत्तम केलेत. मराठी मंडळींचे गट घेऊन मी बरीच वर्षे माल्टाला जातो आहे आणि व्हॅलेटात काय पाहिले यापेक्षा कशानंतर काय पाहिले याने फार फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. बहुतेक प्रवासी वेशीपाशी बसमधून उतरतात आणि रिपब्लिक स्ट्रीटने सरळ चालत सुटतात. वाटेत कॅथेड्रल, राजवाडा, दुकाने, शेवटी टोकाचा किल्ला. चार तासांत शहर उरकते. फोटोही सुरेख येतात. पण हे शहर इथेच का वसले, रस्ते असे सरळसोट का, तट एवढे जाड कशासाठी, याचा पत्ता लागत नाही. हे शहर एका वेढ्यातून जन्माला आले आहे. १५६५ चा तो वेढा कुठे आणि कसा झाला हे जागेवर उभे राहून समजून घेतले, की पुढचा प्रत्येक बुरूज, जिना आणि विहीर आपोआप उलगडत जाते. म्हणून माझे पहिले सांगणे: पहिला दिवस व्हॅलेटात घालवू नका. बंदर ओलांडून बिर्गूला जा.

सकाळी अप्पर बराक्का बागेपासून सुरुवात करा. तिथल्या कमानींतून ग्रँड हार्बर एका नजरेत दिसते: खोल, निळे, तीन बाजूंनी खडकाने आवळलेले. भूमध्य समुद्रात इतके सुरक्षित नैसर्गिक बंदर क्वचितच सापडेल, आणि माल्टाचा सगळा इतिहास या पाण्यासाठी झालेल्या भांडणांचा आहे. समोर जिभांसारखे पुढे आलेले दोन भूभाग दिसतील. डावीकडचा बिर्गू, उजवीकडचा सेंगलिया. बागेच्या कडेलाच ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती थेट धक्क्याजवळ उतरवते. आईंना एकही पायरी उतरावी लागणार नाही. खाली आल्यावर पलीकडे जाणारी फेरी मिळते. हवा शांत असेल तर फेरीऐवजी डायसा घ्या, म्हणजे इथली पारंपरिक रंगीत होडी. पाण्याच्या पातळीवरून वर पाहिले की तट किती अंगावर येतात ते कळते. हल्ला करायला आलेल्या माणसाला हे शहर असेच दिसले असते.

आता थोडा मागचा संदर्भ. जेरुसलेमच्या यात्रेकरूंची शुश्रूषा करण्यासाठी सुरू झालेला सेंट जॉनच्या नाइटांचा, म्हणजे ख्रिस्ती सरदारांचा, पंथ पुढे लढाऊ बनला. ऱ्होड्स बेटावर तो दोन शतके नांदला. १५२२ च्या वेढ्यात ऑटोमन तुर्कांचा सुलतान सुलेमान याने ऱ्होड्स जिंकले आणि नाइट बेघर झाले. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिले, मोबदला वर्षाला एक ससाणा. बेटाची राजधानी तेव्हा आतल्या भागात, मदिना येथे होती. पण नाइटांचे सगळे बळ त्यांच्या आरमारात, म्हणून ते बंदरकाठच्या बिर्गू गावात राहिले आणि गावाच्या टोकाचा सेंट अँजेलो हा जुना किल्ला त्यांनी बळकट केला.

सेंट अँजेलोच्या वरच्या सज्जावर जाऊन व्हॅलेटाकडे तोंड करून उभे राहा, आणि मुलीला सांगा की समोरचे अख्खे शहर मनातून पुसून टाक. १५६५ मध्ये तिथे व्हॅलेटा नव्हतेच. होता तो शिबेरास नावाचा उघडाबोडका खडकाळ डोंगर, आणि त्याच्या समुद्राकडच्या टोकाला सेंट एल्मो हा एकुलता एक छोटा, ताऱ्याच्या आकाराचा किल्ला. मे महिन्यात ऑटोमन आरमार आले. जमिनीवरच्या फौजेचा सेनापती मुस्तफा पाशा, आरमाराचा पियाले पाशा. बंदरात शिरायचे तर तोंडावरचा सेंट एल्मो आधी घ्यायला हवा, असे त्यांनी ठरवले. चार-पाच दिवसांचे काम, असा अंदाज होता. शिबेरासवर तोफा चढवल्या आणि मारा सुरू झाला. आत लढणारी माणसे मोजकी. रोज रात्री बिर्गूहून होड्यांनी ताज्या दमाची माणसे तिकडे जायची आणि जखमी इकडे यायचे. तुम्ही ज्या पाण्याकडे पाहत असाल त्याच पाण्यातून. शेवटी तुर्कांनी तोही मार्ग तोडला. २३ जूनला किल्ला पडला, तोवर जवळजवळ महिना गेला होता आणि ऑटोमनांचा नामांकित दर्यावर्दी तुर्गुत रईस जखमी होऊन मरण पावला होता.

त्यानंतरचा भाग मी मुलांनाही सांगतो, गाळत नाही. मुस्तफाने मेलेल्या नाइटांची प्रेते लाकडी क्रुसांवर बांधून बिर्गूच्या दिशेने पाण्यात सोडली. उत्तरादाखल नाइटांचा प्रमुख जाँ दे ला व्हॅलेट याने तुर्की कैद्यांची डोकी उडवून ती तोफांतून पलीकडे मारली. क्रौर्य दोन्हीकडे होते. वेढ्याची गोष्ट निव्वळ शौर्यगाथा म्हणून सांगणारे मार्गदर्शक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐका, पण हेही लक्षात ठेवा. आणखी एक. नाइट होते पाच-सहाशे. लढणाऱ्यांत मोठा भरणा सामान्य माल्टीज रहिवाशांचा होता. सेंगलियाच्या काठाला तुर्की होड्या लागू नयेत म्हणून पाण्यात खांब ठोकले होते. ते तोडायला कुऱ्हाडी घेऊन पोहत आलेल्या तुर्कांशी माल्टीज पोहणाऱ्यांनी पाण्यातच चाकूंनी झुंज दिली. या माणसांची नावे कुठल्याही संगमरवरावर कोरलेली नाहीत.

बिर्गूच्या तटाखाली सुरुंग खणले गेले, तट फुटले, तरी गाव पडले नाही. वसईचा किल्ला पाहिलेल्यांना हा प्रकार नवा नाही: १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनेही पोर्तुगिजांच्या तटाखाली सुरुंग ठासून वाट काढली होती. तोफांच्या माऱ्याला तोंड देणारे बाणाच्या फाळासारखे कोनाकृती बुरूज ही सोळाव्या शतकातली इटालियन पद्धत. तीच पोर्तुगिजांनी वसईत वापरली आणि तीच माल्टात तुम्हाला पावलोपावली दिसेल. मुलीने वसई पाहिली नसेल तर निघण्याआधी एका रविवारी दाखवून आणा. माल्टात तिचे डोळे दुप्पट उघडे राहतील.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. ८ सप्टेंबर हा माल्टात आजही सुट्टीचा, उत्सवाचा दिवस आहे.

बिर्गूतच इन्क्विझिटरचा राजवाडा आहे, तो चुकवू नका. १५७४ ते १७९८ या काळात धर्मन्यायसभेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, कारभार इथून चालला. इथे काम केलेल्या अधिकाऱ्यांपैकी फाबिओ किजी हा पुढे सातवा अलेक्झांडर म्हणून पोप झाला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते हे आपल्याला ठाऊक असते, पण जुन्या गोव्यातली ती वास्तू आता उभी नाही. इथे मात्र न्यायदालन, राहण्याच्या खोल्या आणि तुरुंग, सगळे जागेवर आहे. कोठड्यांच्या भिंती मऊ दगडाच्या. कैद्यांनी त्यांवर नखाने, खिळ्याने कोरलेल्या खुणा नीट पाहा: क्रूस, जहाजे, नावे. टॉर्चचा उजेड भिंतीवर तिरपा पाडलात तर रेषा स्पष्ट उठून दिसतात. राजवाड्यात जिने आहेत, पण सावकाश चढण्याजोगे.

आईंना दम असेल तर संध्याकाळी टॅक्सीने सेंगलियाच्या टोकाला जा. तिथे गार्दयोला नावाची टेहळणीची छोटी दगडी चौकी तटावरून पाण्यावर झुकलेली आहे. तिच्या भिंतींवर एक डोळा आणि एक कान कोरला आहे. पहारेकऱ्याने बघत राहावे, ऐकत राहावे, याची ती आठवण. आणि इथून सूर्यास्ताच्या वेळी व्हॅलेटाचा सगळा तट पिवळाधमक होतो. पहिला दिवस इथेच संपवा.

दुसऱ्या दिवशी व्हॅलेटात शिरा, तेही मुख्य वेशीतून. वेढ्यानंतर ला व्हॅलेटने ठरवले, की ज्या डोंगरावरून शत्रूने तोफा डागल्या तो डोंगर पुन्हा मोकळा सोडायचा नाही. पोपने आपला दुर्गस्थपती पाठवला, कोर्तोनाचा फ्रांचेस्को लापारेल्ली. २८ मार्च १५६६ रोजी पायाभरणी झाली. शहराला नाव ला व्हॅलेटचे मिळाले, पण तो १५६८ मध्येच वारला. शहर पुरे झालेले त्याने पाहिले नाही. वेशीबाहेरच्या पुलावर मधोमध थांबा आणि खाली वाका. जमिनीच्या बाजूने शहर तोडून काढणारा हा खंदक आहे, सगळा अखंड खडकात खोदलेला. पुढची दगडी वेस आणि शेजारचे संसदभवन मात्र आजचे, रेन्झो पियानो या इटालियन वास्तुकाराचे, २०१५ मध्ये पूर्ण झालेले. काहींना ते खटकते. मला आवडते, कारण त्याने नकली जुनेपणा केलेला नाही. त्याला लागूनच १८६६ च्या राजेशाही ऑपेरा हाउसचे अवशेष आहेत. ७ एप्रिल १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले. तुटके खांब तसेच ठेवून त्यात खुले नाट्यगृह केले आहे.

आत शिरल्यावर दोन्ही हातांना तटाच्या मागे दोन उंच, बोजड दगडी इमारती दिसतात. हे कॅव्हेलियर, म्हणजे बुरुजांच्या मागे उभारलेले तोफांचे उंच मोर्चे. पुढचा बुरूज पडला तर मागून, वरून मारा करायचा. त्यांपैकी सेंट जेम्स कॅव्हेलियरमध्ये आज कलाकेंद्र आहे आणि आत सहज जाता येते. भिंतींची जाडी बघायला पाच मिनिटे जरूर आत जा.

व्हॅलेटाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे आहेत. लापारेल्लीने ते असे आखले की समुद्राची झुळूक आरपार खेळावी आणि फौज पटकन कुठेही पोहोचावी. डोंगराचा कणा म्हणजे रिपब्लिक स्ट्रीट, आणि त्याला छेदणारे रस्ते दोन्ही बाजूंना उतरत जातात. उतार फार तीव्र झाला की पायऱ्या. आईंसाठी नियम सोपा आहे: कण्यावरून चाला, आडव्या रस्त्यांनी उतरू नका, आणि उतरलात तर परत चढू नका, बस किंवा टॅक्सी घ्या. डोंगरावर पाण्याचा झरा नव्हता. म्हणून प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके हवेच, असा नियमच होता. तुम्ही ज्या फरसबंदीवरून चालाल तिच्याखाली टाकी, भुयारे आणि गटारांचे जाळे पसरले आहे.

दगडाकडेही लक्ष द्या. अख्खे शहर एकाच पिवळसर चुनखडीचे आहे, स्थानिक नाव फ्रांका. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड करवतीने कापता येतो इतका मऊ असतो. म्हणूनच कोपऱ्याकोपऱ्यांवर इतकी नक्षी आणि संतांचे पुतळे कोरलेले दिसतात. पण खारा वारा याचा शत्रू. समुद्राकडच्या एखाद्या जुन्या भिंतीला हात लावून पाहा: दगड मधाच्या पोळ्यासारखा पोखरला गेलेला असतो आणि बोटांना पिवळी भुकटी लागते. मीठ दगडाच्या छिद्रांत जाऊन स्फटिक बनते आणि आतून पापुद्रे सोडवते. तटाच्या तळाशी मात्र वेगळा, कठीण, करडा दगड ठिकठिकाणी आढळतो. जुन्या कारागिरांना कुठे काय वापरायचे ते पक्के ठाऊक होते.

आता सेंट जॉन को-कॅथेड्रल. तिन्ही दिवसांत एकच वास्तू पाहायची असेल तर ही. जिरोलामो कास्सार या माल्टीज स्थपतीने १५७२ ते १५७७ मध्ये बांधलेली. बाहेरून ती किल्ल्याइतकी साधी, जवळजवळ रुक्ष. आत पाऊल टाकले की माणूस क्षणभर बोलायचा थांबतो. भिंतींचा इंच इंच कोरून सोन्याने मढवलेला. छत मात्तिया प्रेती या चित्रकाराचे, १६६१ ते १६६६ मध्ये थेट दगडावर तेलरंगांत रंगवलेले, विषय पंथाचा संत जॉन द बाप्टिस्ट याचे चरित्र. खिडक्यांशेजारच्या आकृती पुतळे वाटतात. जवळून पाहिल्यावर कळते की त्यांच्या सावल्यासुद्धा रंगवलेल्या आहेत. आणि पायाखाली सुमारे चारशे रंगीत संगमरवरी थडगी, सगळी नाइटांची. सांगाडे, कवट्या, वाळूची घड्याळे, पदके, ध्वज. मुलीला सांगा की आवडलेल्या एका थडग्यापुढे थांबून त्यावर काय काय आहे याची यादी कर. घाईने फिरण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. टाचेच्या बुटांना आत बंदी आहे, खांदे झाकलेले हवेत, आणि रविवारी प्रवाशांना प्रवेश नसतो. सकाळी दार उघडताच जा. क्रूझ जहाज लागले असेल तर अकरानंतर पाऊल ठेवायला जागा नसते.

कॅथेड्रलला जोडलेल्या प्रार्थनागृहात काराव्हाज्जोचे ‘जॉन द बाप्टिस्टचा शिरच्छेद’ हे चित्र आहे, आणि ते ज्या भिंतीसाठी काढले तिथेच आहे. रोममध्ये एका माणसाचा खून करून पळालेला हा चित्रकार १६०७ मध्ये माल्टाला आला. नाइट होऊन माफी मिळवायची, हा हेतू. १६०८ च्या जुलैत त्याला पंथाने नाइट करून घेतले, त्याच वर्षी त्याने हे चित्र पुरे केले आणि त्याच वर्षी एका मारामारीपायी सेंट अँजेलोत कैदेत पडला. तिथून तो निसटला, सिसिलीला गेला, आणि १ डिसेंबर १६०८ रोजी याच चित्रासमोर भरलेल्या सभेत त्याला पंथातून काढून टाकण्यात आले. चित्र पाच मीटरांहून अधिक रुंद आहे आणि त्याचा उजवा अर्धा भाग जवळजवळ रिकामा: काळोखी भिंत, एक दोर, आणि गजांआडून मान वाकवून बघणारे दोन कैदी. डावीकडे मारेकरी काम पुरे करण्यासाठी कमरेची सुरी काढतो आहे, शेजारी एक म्हातारी दोन्ही हातांत डोके धरून उभी. खाली सांडलेल्या रक्तातून अक्षरे निघाली आहेत, ती काराव्हाज्जोची सही. त्याने सही केलेले हे एकमेव चित्र. इथे निदान वीस मिनिटे बसा. फोन खिशात ठेवून.

दुपारी ग्रँडमास्टरचा, म्हणजे नाइटांच्या प्रमुखाचा, राजवाडा पाहा. तिथल्या मोठ्या दालनात मात्तेओ पेरेझ द'आलेच्चो याने १५७६ ते १५८१ मध्ये रंगवलेली वेढ्याची भित्तिचित्रे आहेत. बिर्गू आदल्या दिवशी पाहिले असल्याने त्यांत तुम्हाला किल्ले, खाड्या, तोफांच्या जागा सगळे ओळखता येईल. पहिला दिवस पलीकडे घालवायचा तो याचसाठी. शस्त्रागार मुलांना हमखास आवडते. तिथून जवळ मानोएल थिएटर आहे, १७३१ मध्ये आंतोनियो मानोएल दे व्हिल्येना या पोर्तुगीज ग्रँडमास्टरने बांधलेले आणि आजही चालू. लाकडी सज्जांचे हे छोटे, गोड नाट्यगृह अर्ध्या तासात पाहून होते. एखादा प्रयोग मिळाला तर तिकीट काढून टाका.

तिसरा दिवस टोकाकडचा. सकाळी टॅक्सीने थेट सेंट एल्मोला जा. किल्ल्यासमोरच्या मैदानात दगडी गोल झाकणे ओळीने बसवलेली दिसतील. अनेक जण त्यांवर बसून सँडविच खातात आणि पुढे जातात. ती धान्याची पेवे आहेत. पुन्हा वेढा पडला तर शहर महिनोन्‌महिने टिकावे म्हणून खडकात खोदलेली, वरून झाकण लावून लिंपलेली. आपल्याकडच्या गढ्यांमध्ये पेवे पाहिली असतील तर यांचे तत्त्व वेगळे सांगायला नको.

किल्ल्यातल्या युद्धसंग्रहालयात दुसऱ्या महायुद्धाचा भाग सर्वांत परिणामकारक आहे. १९४० ते १९४२ या काळात, तेव्हा ब्रिटिश अमलाखाली असलेल्या माल्टाने दुसरा वेढा सोसला, या वेळी आकाशातून. इटलीहून विमाने काही मिनिटांत येत. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये बॉम्बचा वर्षाव इतका झाला की लोक खडकात खोदलेल्या भुयारांत राहू लागले. १५ एप्रिल १९४२ रोजी ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज याने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले. ते पदक इथे ठेवले आहे आणि माल्टाच्या ध्वजाच्या कोपऱ्यातही ते आहे. ‘फेथ’ हे ग्लॉस्टर ग्लॅडिएटर जातीचे विमानही इथेच, पंखांविना. त्या उन्हाळ्यात बेट उपासमारीच्या काठावर होते. ऑगस्टमध्ये निघालेल्या काफिल्यातली बरीच जहाजे बुडाली. ओहायो हे तेलवाहू जहाज बुडण्याच्या बेतात असताना दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून १५ ऑगस्टला ग्रँड हार्बरमध्ये आणले. पहिल्या दिवशी तुम्ही ज्या पाण्यातून फेरीने गेलात तिथेच तटांवर गर्दी करून लोकांनी त्याचे स्वागत केले.

सेंट एल्मोहून काही पावलांवर साक्रा इन्फर्मेरिया, नाइटांचे रुग्णालय. आता ते परिषदगृह आहे, त्यामुळे कार्यक्रम असेल तर प्रवेश मिळत नाही. आधी चौकशी करा. मुख्य कक्ष १५५ मीटर लांब, युरोपातल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या रुग्णकक्षांपैकी एक. रुग्णांना चांदीच्या ताटवाट्यांतून जेवण दिले जाई. १६७६ मध्ये इथे शरीरशास्त्र आणि शल्यक्रियेचे शिक्षण सुरू झाले. १७९८ मध्ये नेपोलियन आला आणि फ्रेंचांनी चांदी नेली. मात्र याच पंथाचे आरमार भूमध्य समुद्रात मुस्लिम जहाजे लुटत असे, माणसे पकडून गुलाम करत असे, आणि व्हॅलेटाचे तट उभारण्यात गुलामांचे श्रम लागले आहेत. रुग्णाला चांदीचे ताट आणि वल्ह्याला साखळीने बांधलेला माणूस, दोन्ही एकाच संस्थेचे. बहुतेक मार्गदर्शक दुसरी गोष्ट वगळतात. मी वगळत नाही, कारण आठवीतल्या मुलीला ती समजते आणि ती प्रश्नही विचारते.

बाराच्या सुमारास अप्पर बराक्काला परत या. खालच्या सलामीच्या तोफखान्यातून दुपारी बारा आणि चार वाजता तोफ उडते. वरच्या कठड्यावरून ती फुकट दिसते, पण पंधरा मिनिटे आधी जागा धरा. आईंना बसायला बाके आणि सावली आहे. मुलीत उत्साह उरला असेल तर शेजारच्या लास्कारिस वॉर रूम्स पाहा: खडकात खोदलेल्या या खोल्यांतून १९४३ च्या सिसिलीवरील चढाईचे नियंत्रण झाले.

आपला एक धागाही इथे आहे. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या तणावात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक सुएझमार्गे माल्टाला आणले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, आणि आज ज्यांचे ठाणे खडकीला आहे ते बॉम्बे सॅपर्सही. पुढे त्यांतली बरीच फौज सायप्रसला गेली. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीचे हजारो जखमी माल्टात आणले गेले. व्हॅलेटाजवळच्या पिएता येथील लष्करी दफनभूमीत, इथे मरण पावलेल्या आणि अग्निसंस्कार झालेल्या हिंदुस्थानी सैनिकांची व कामगारांची स्मृती नोंदलेली आहे. तिथे पर्यटक फिरकत नाहीत. बसने दहा-पंधरा मिनिटे लागतात. वेळ मिळाला तर जा, फुले घेऊन जा.

काय सोडाल? व्हॅलेटातली मेणाचे पुतळे आणि मोठ्या पडद्याचे खेळ दाखवणारी ठिकाणे बिनदिक्कत सोडा. श्रीमंत घराण्यांचे वाडे एरवी छान आहेत, पण तीन दिवसांत बसत नाहीत. मदिना सुंदर आहे. तरी तिच्यासाठी बिर्गू कापू नका. बंदर न पाहता मदिना पाहणे म्हणजे मूळ सोडून फांदी धरणे. हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेचा एकत्रित पास घेतलात तर सेंट अँजेलो, इन्क्विझिटरचा राजवाडा आणि सेंट एल्मो त्यात येतात. को-कॅथेड्रलचे तिकीट वेगळे.

खाण्याचे थोडक्यात: रिकोटा चीज किंवा वाटाणे भरलेले पास्तित्सी जागोजाग मिळतात, गरम आणि स्वस्त. शाकाहारी असाल तर पीठ मळताना प्राण्यांची चरबी वापरली आहे का ते विचारा, काही ठिकाणी वापरतात. ऑक्टोबरात ऊन सुसह्य असते, पण फरसबंदी पाऊस पडल्यावर कमालीची निसरडी होते, तेव्हा आईंचे बूट रबरी तळाचे हवेत.

एक गोष्ट मात्र आजच करा. पाओला येथील हाल साफ्लिएनी हायपोजियम हे खडकात खोदलेले प्रागैतिहासिक दफनस्थान, पाच हजार वर्षांहून जुने. आतली हवा आणि भिंतींवरचा गेरूचा रंग जपण्यासाठी दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात आणि तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात. जागा असेल तर तिसऱ्या दिवशी दुपारची घ्या, तुमच्यासाठी आणि मुलीसाठी दोनच. आतल्या पायऱ्या आईंना झेपणार नाहीत. त्या वेळेत त्यांना अप्पर बराक्काच्या बाकावर बसू द्या, चारची तोफ त्यांना तिथून दिसेल.